पकड बरोबर होती

उस्तादांनी बावीस वर्षं पोलिसात भरती झालेल्या पोरापोरींना एकच विद्या शिकवली: अंगावर येणाऱ्याला जिवे न मारता कसं आवरायचं. मनगट धरा, कोपर पिळा, खाली बसवा, बेड्या घाला. एखाद्याचा पाय चुकला की त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटलाच म्हणून समजा. चाकू हिसकावण्याचा सराव तर त्यांचा खास लाडका. रबरी चाकू हिसकावायचा, लगेच चाकूची मूठ पुढे करून जोडीदाराला परत द्यायचा आणि पुन्हा सुरू. तासाला चाळीस वेळा. चाकू बाजूला टाकण्यात, उचलण्यात वेळ घालवलेला त्यांना खपत नसे.

त्यांच्या हाताखाली शिकलेली सगळ्यात चपळ पोरगी म्हणजे चिमणी. नोकरीला लागून तिला आठ महिने झाले होते, अजून कायम व्हायची होती. मंगळवारी भर दुपारी बाजारात एका दारुड्यानं चाकू काढला. डोळ्याचं पातं लवायच्या आत चिमणीनं तो हिसकावला. आणि मूठ पुढे करून त्याच्याच हातात परत दिला.

त्यानं तो तिच्या पोटात खुपसला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात ठाण्याच्या साहेबांनी घटनेचा अहवाल पुढे केला. "पोरगी घाबरली, असं लिहिलंय. तिचे प्रशिक्षक म्हणून सही करा. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय तुमच्या, कशाला नसतं झेंगट?"

असा शेरा पडला तर पोरगी जगली तरी नोकरीला मुकणार, हे उस्तादांना कळत होतं. तरी त्यांनी पेन हातात घेतलं. लाज वाटली, पण घेतलं.

तेवढ्यात चिमणीची आई बाहेर आली. "पोरगी तुम्हालाच विचारतेय सारखी. डॉक्टर काही धड सांगत नाहीत हो."

उस्ताद आत गेले. चिमणीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "उस्ताद, पकड बरोबर होती ना?"

"एकदम बरोबर होती, पोरी."

"मग चुकलं कुठं माझं?"

उस्ताद खाटेजवळ वाकले. "चाकू परत दिलास त्याला."

"मी? दिला?" तिनं डोळे मिटून आठवून पाहिलं. "सरावात देतो तसा... माफ करा, उस्ताद. पुन्हा नाही होणार."

उस्तादांना तिथं उभं राहवेना. बाहेर येऊन त्यांनी कागदावरचं 'घाबरली' खोडलं आणि वर लिहिलं, 'मी असंच शिकवलं होतं.' साहेब काहीतरी ओरडत होते. आत चिमणीची आई डॉक्टरांना हाका मारत होती.