खडकावरची भाजी आणि जानकीचं तिसरं वर्ष

मानसाचं नुसतं तोंड बघून तो कुठं चाललाय हे सांगनारा बोईसरच्या रिक्षा स्टँडवर माझ्यासारखा दुसरा कोन नाय. त्या दिवशी पालघरच्या कॉलेजातले एक सर माझ्या रिक्षासमोर येऊन उभे राहिले, तर मी त्यांचं तोंड बघून म्हनलो, "बसा सायेब, कंपनी एरिया ना? पाळी चुकली वाटतं." ते म्हनले, "तुम्हीच लखमा ना? जानकीबाई गेल्या." मी म्हनलो, "कुठं गेल्या? मला सांगायचं, मी सोडलं असतं की..." मागच्या रिक्षातला रामआसरे तोंडातला तंबाखू थुंकून म्हनाला, "अरे लखमा, चुप हो जा." त्याला कळलं. मला नाय कळलं.

जानकी माझ्या काकाची पोर. कावीळ झाली नि आठ दिवसांत संपलं. ती आजारी हाय हे मला ठाऊक होतं. उद्या जाऊ, परवा जाऊ म्हनत मी भाडी मारत राहिलो. तिला जाऊन आता दीड महिना झाला. पेपरवाले म्हनले, तुमच्या बहिनीवर पुरवनीत काय तरी लिवा. मी म्हनलो, मला सही येत नाय, अंगठा येतो, चालेल का? तर आता मी बोलतोय नि माझी पोरगी लिवतेय. मधीच ती थांबून बघते माझ्याकडं... मग परत लिवते.

आमचा पाडा बोईसरच्या पूर्वेला, डोंगराच्या पोटात. जानकी नि मी एकाच दिवशी शाळेत गेलो. मी तिच्याहून चार वर्सं मोठा, पन बापाला तोवर आठवन झाली नव्हती. गुरुजींनी पाटी दिली. तिनं त्या पाटीवर अ काढला. मी पाटीवर मासा ठेवून भाजता येतो का ते बघितलं. पाटी तडकली, मला घरी पाठवलं, नि मी परत बोलवायची वाट बघत बसलो. अजून बोलवलेलं नाय. ती मात्र आश्रमशाळा, मग पालघरचं कॉलेज, मग मुंबई असं करत गेली. आमच्या बारा पाड्यांत बी.एस्सी. झालेली ती पयलीच, बाई नि बाप्या दोनी धरून.

मुंबईला तिला फेलोशिप लागली. आदिवासी पोरांसाठी राखून ठेवलेली असते, शोध लावायला सरकार पैशे देतं, असं तिनं मला समजावलं. मी स्टँडवर सांगितलं, माझी बहीन बिनकामाचा पगार घेते. हे कुनीतरी तिला जाऊन सांगितलं. तेव्हा तिनं फेलोशिपच्या यादीचा कागद आनून माझ्या हातात दिला. म्हनली, "दादा, ह्या यादीत देशभरातली मानसं हायत. आपल्या डोंगरातली मी एकटी. माझं चुकलं तर ते असं नाय म्हननार की जानकी चुकली. ते म्हनतील, ह्यांना दिलं ते फुकट गेलं." मी कागद उलटा धरला होता. तिनं सुलटा करून दिला.

तिचा शोध रानभाज्यांचा. कोनती भाजी कुठं उगवते, कोन खातं, कशी शिजवतात, नि कोनत्या दिवसापासून खायची. हे शेवटचं मुद्द्याचं. आमच्यात कवळी झाल्याशिवाय रानातली नवी भाजी कोन तोडत नाय. कवळी म्हंजे नव्या भाजीचा दिवस. भगत दिवस सांगतो, आधी देवाला, मग मानसाला. त्याच्याआधी भाजी दारात उगवली तरी तिच्याकडं बघायचं नि पुढं जायचं. जानकीनं हे सगळं वहीत घेतलं. दोन वर्सं ती डोंगर हिंडली, चाळीस भाज्या झाल्या. त्यात एक अशी, जिला आमी नुसती 'खडकावरची' म्हनतो. वरच्या कातळाच्या भेगेत येते, दहा-पंधरा दिवस राहते नि जाते. ती खातात असं कुठल्याच पुस्तकात लिवलेलं नव्हतं.

तिसऱ्या वर्साला मुंबईहून पत्र आलं. कमिटीचे एक सायेब येऊन बघनार. त्यांनी होय लिवलं तर तिसरं वर्स मिळेल, नाय तर फेलोशिप बंद, होस्टेलची खोली खाली करायची. नि सायबानं चाळीसातलं नेमकं खडकावरच्या भाजीवर बोट ठेवलेलं. जानकीनं वाळवून, चिकटवून पाठवलेली होती. पन सायबाचं म्हननं, वाळलेलं पान कुठूनही आनता येतं, मला उगवलेली दाखवा. आली तारीख, नि कवळीला अजून पाच दिवस. जानकी म्हनली, "बरंच झालं. तोडायचीच नाय तर. कातळावर नेऊन दाखवीन." तरी तिची आय, म्हंजे माझी काकी, सांगायची, सकाळी तिनं तीनदा साडी बदलली. तिच्याकडं साड्या दोनच होत्या.

आता मी काय केलं ते सांगतो. मला वाटलं, एवढा मोठा सायेब, पोट सुटलेला, तो कशाला कातळ चढतोय? खाली बसेल, चहा पिईल, म्हनेल दाखवा भाजी. मग ही काय दाखवनार? पाव्हन्याला घरात बसवून वस्तू डोंगरावर हाय म्हनून कोन सांगतं? मी उजाडता एकटाच वर गेलो नि जेवढी होती तेवढी उपटली, मुळासकट, कारन मला वाटलं जास्त दिसली तर सायेब जास्त खूश होईल. कवळीचं ध्यानात होतं. मनाला सांगितलं, आपन खात कुठं हाय, नुसती तोडतोय. पिशवीत भरली, पिशवी माझ्या सीटखाली सारली नि सायबाला आनायला स्टेशनात गेलो. एवढं डोकं मी आयुष्यात दुसऱ्यांदा चालवलं. पयल्यांदा त्या पाटीवर.

सायेब मागं बसले. गोरे, रुमालानं मान पुसत. विचारलं, "तुम्ही कोण त्यांचे?" म्हनलो, "भाव. शोधात माझाबी हात हाय." ते बाहेर बघत म्हनले, "या राखीव फेलोशिपांचं मला फार वाईट वाटतं. बरेच जण नुसतंच उतरवून काढतात. मला खरं काम बघायचंय." मी गप. बेटेगाव येईपर्यंत गप. मी गप बसलोय हे बघून रस्त्यातल्या ओळखीच्या मानसांना वाटलं गाडी दुसराच कोन चालवतोय.

पाड्यावर पोचलो नि सायेब रिक्षातून उतरताच म्हनले, "चहा नंतर. आधी ती जागा." पायांत चक्क बूट, नाडीचे. मी जानकीच्या कानाशी जाऊन म्हनलो, "जरा बाजूला ये ना." ती म्हनली, "दादा, आता नको गंमत." मी परत म्हनलो. तिनं हात झटकला. भगत बरोबर, काकी बरोबर, अर्धा पाडा मागं. मी सगळ्यांच्या शेवटी. ती पुढं चढता चढता सायबाला सांगत होती, "हा बघा टाकळा... इकडं शेवळं... हात लावू नका सर, अजून कवळी नाही झाली." सायेब वहीत लिवत होते, मान हलवत होते. एकदा तर म्हनले, "हे कुणी नोंदवलेलं नाही. छान." तिचा चेहरा असा उजळला... नि मला कळेना, आपन इथंच कडेला पडून पाय मोडून घ्यावा काय. मोडला असता तर सगळे खाली आले असते. एवढी अक्कल होती, हिंमत नव्हती.

कातळ आला. भेगेत ओली माती उकरलेली, तुटके देठ, नि माझ्या पायांचे ठसे.

सायेब म्हनले, "इथं तर काही नाही."

जानकी गुडघ्यावर बसली. देठ बघितले. बोटानं माती बाजूला करून राहिलेली मुळं काढून दाखवली. "सर, मुळं आहेत. ताजी आहेत. कुणीतरी..." सायेब म्हनले, "मुळांवरून मी काय लिहू?" तिनं मान वर केली नि मानसांत सगळ्यांचे हात बघत गेली. माझ्या नखांत माती होती. माझ्यापाशी तिचे डोळे थांबले. तिनं तोंड उघडलं असतं, ह्यानं उपटली म्हनली असती, तर सायबानं कदाचित मान्य केलं असतं. पन भगत तिथं उभा, पाडा उभा. तिनं माझं नाव घेतलं नाय.

मीच ओरडलो, "सायेब, भाजी हाय! रिक्षात हाय!" धावत खाली. सगळे मागं. आता जुन्या रिक्षाचं इंजिन कुठं असतं? डायवरच्या सीटखाली. सकाळपासून पिशवी त्याच्यावर. उघडली तर आत काळा चोथा, वाफ येतेय, डिझेलचा वास. पान म्हनून ओळखू येईल असं एक नाय. सायेब बोटानं ढवळून म्हनले, "याला काय म्हणायचं?" नि माझ्या जिभेला हाड नाय, मी म्हनलो, "सायेब, अर्धी शिजलेलीच हाय."

कोनी हसलं नाय. माझ्या आयुष्यात एवढी मानसं एकदम नाय हसलेली मी तेव्हाच बघितली.

सायेब चहा न घेता निघाले. त्यांना स्टेशनात मीच सोडलं, दुसरी रिक्षा कुठली? महिन्याभरात पत्र आलं. मुख्य नोंद प्रत्यक्ष आढळली नाही, म्हनून तिसरं वर्स नाय. जानकीनं होस्टेलची खोली सोडली. ट्रंक आनायला मी गेलो, तर तिच्या खोलीतल्या पोरी रडत होत्या, ती एकटी पुस्तकं बांधत होती. गाडीत मी म्हनलो, "जानके, मला मार." ती म्हनली, "मारून फेलोशिप परत येते का? ट्रंक नीट धर, पाय आपटेल."

भगतानं मला कोंबड्याचा दंड लावला, नि त्या वर्सी कवळीला बसू दिलं नाय. जानकीही बसली नाय. म्हनली, माझ्या कामापायी झालं. ते मला कोंबड्याहून महाग पडलं.

मग ती आश्रमशाळेत मास्तरीन झाली. दिवसा पोरं, सुट्टीत डोंगर. फेलोशिप नाय, खोली नाय, मुंबईच्या तिच्या गाईड मॅडम तेवढ्या पत्रानं विचारायच्या कुठवर आलं. राहिलेल्या दोन वर्सांच्या कामाला तिची सात वर्सं गेली. शेवटी झाली डॉक्टर, नि पालघरच्या कॉलेजात लागली. तिथं दर वर्सी आपल्या पोरापोरींचे फेलोशिपचे फॉर्म ती स्वतः बसून भरायची, नि पोस्टात टाकायला कुनाच्या हाती द्यायची नाय, स्वतः जायची. माझ्या हाती तर बिलकुल नाय. बोईसरला उतरली की माझ्याच रिक्षात बसायची, पन बसायच्या आधी माझं सीट उचलून खाली बघायची. पंधरा वर्सं. रामआसरे पोट धरून हसायचा. ती हसायची नाय. बघायची, सीट खाली ठेवायची, नि म्हनायची, "चल आता."

परवा तिच्या पालघरच्या खोलीत आमी सामान आवरायला गेलो. मी, काकी नि माझी पोरगी. टेबलावर तिच्या शोधाचं जाड पुस्तक, लाल बांधनीचं. एवढी वर्सं मी ते बाहेरूनच बघत होतो, नि स्टँडवर सांगत होतो की त्यात माझं नाव हाय. पोरीला म्हनलो, काढ. सुरवातीला तिनं पाड्यातल्या सगळ्यांची नावं घातलीत. भगताचं, काकीचं, मेलेल्यांचीसुद्धा. पोरीनं दोनदा बोट फिरवलं. माझं नाय. मग खडकावरच्या भाजीचं पान काढलं. तिथं शेवटाला लिवलेलं, पोरीनं वाचलं: "एका वर्षी ही भाजी कवळीच्या आधी माणसाने मुळासकट उपटली. पुढची दोन वर्षे ती त्या भेगेत आली नाही. तिसऱ्या वर्षी आली."

मी म्हनलो, "परत वाच." तिनं वाचलं. "मानसाने... म्हंजे मी! काकी, ऐकलंस का? मी हाय पुस्तकात!"

काकी जानकीच्या साड्या घडी करत होती. मान वर न करता म्हनली, "बकरीनं खाल्ली असती तरी तिनं हेच लिवलं असतं. लय फुगू नको."