दवाखान्यासमोरची लाल गाडी

ऑर्लिन स्कारला गाडी ओळखायला नंबर बघावा लागत नसे. नॉर्थ डकोटाच्या त्या सपाट मुलखात समोरून येणाऱ्याला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम करायची रीत, आणि ऑर्लिनचं बोट सगळ्यांच्या आधी वर. कोणाची गाडी कोणाच्या दारात, सगळं तोंडपाठ. मनात पाप नव्हतं हो माणसाच्या, पण जिभेला हाड नव्हतं.

एकदा रात्री जेवताना बटाटे वाढून घेता घेता तो म्हणाला, "आज टॉलेफसनच्या पोरीची गाडी त्या दवाखान्यासमोर! तसल्या तपासण्या करतात ना, तिथे. काय दिवे लावलेत कोण जाणे!" आणि खो-खो हसला. समोर त्याची एकुलती एक लेक ब्रिटा, सतरा वर्षांची. पोटात दुखतंय म्हणून ती ताटावरून उठली. "बाहेरचं अरबटचरबट खाल्लं असशील," म्हणून हा जेवत राहिला.

पुढे ब्रिटाचं लग्न झालं, फार्गोला संसार मांडला, पण मूल होईना. "मला आजोबा कधी करतेस?" म्हणून हा दर फोनला तिच्या मागे लागायचा. शेवटी एका रविवारी ती एकटीच आली. कोटही न काढता स्वयंपाकघरात उभी राहिली.

"बाबा, आता परत विचारू नका. गर्भाशयाच्या नळ्या बंद झाल्यात माझ्या. शाळेत असताना तसला रोग झाला होता, क्लॅमिडिया, तो अंगावर काढला मी."

"अगं, मग तेव्हाच तपासून घ्यायचं ना!"

"वेळ घेतली होती. तुम्ही टॉलेफसनच्या पोरीला हसलात, त्याच्या दुसऱ्याच दिवशीची. गेलेही होते. दवाखान्यावरून गाडी नुसती फिरवत राहिले. वाटलं, इथे थांबले तर आज कोणाच्या तरी जेवणात माझा विषय. नंतर दुखायचं थांबलं, म्हटलं गेलं असेल."

"औषध होतं त्याला?"

"आठवडाभराच्या गोळ्या, बाबा. बास."

ती ओरडली असती, चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने त्याचा कॉफीचा कप विसळून पालथा घातला आणि निघून गेली. ऑर्लिन तिथेच खुर्चीत बसून लहान पोरासारखा रडला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात धान्याच्या कोठारावर नेहमीची म्हातारी मंडळी कॉफीला जमली होती. आर्वे डोळे मिचकावत म्हणाला, "ऐकलंत का? क्विस्टच्या पोरीची लाल गाडी काल त्या दवाखान्यासमोर उभी होती!"

क्विस्ट म्हणजे ऑर्लिनचे शेजारी. ऑर्लिनने कप खाली ठेवला.

"मी नेली होती ती. माझी गाडी थंडीने चालू होईना. तपासणी होती माझी."

"तुझी? तिथे?"

"हो, माझी. तसलीच."

मग जो हशा पिकला! "अरे लबाडा, ह्या वयात? कोण रे ती म्हातारी, आम्हाला तरी दाखव!" ऑर्लिनने त्यांना पोटभर हसू दिलं. पोरीचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

घरी जाताना समोरून तीच लाल गाडी आली. पोरीने बोट उचललं, त्यानेही उचललं. ती गेल्यावर त्याने गाडी कडेला घेतली. किती सोपं होतं हे! त्या रात्री जेवताना नुसता गप्प बसला असता, तरी ब्रिटा आत गेली असती.