हात वर कुणाचा?

कोल्हापूर जिल्ह्यात आजवर सगळ्यात जास्त शिव्या कुणी खाल्ल्या असतील तर त्या आमच्या मामानं. आणि इतक्या खाऊनही ज्याचं वजन पावशेरभर वाढलं नाही असा माणूस मी तरी दुसरा बघितलेला नाही. मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. सकाळच्या पाळीला मुरगूडच्या एका दूध संस्थेत फॅट काढतो, म्हणजे कुणाच्या दुधात किती स्निग्धांश ते यंत्रावर बघतो, आणि संध्याकाळी कोल्हापुरात बास्केटबॉलचा पंच असतो. म्हणजे सकाळी म्हशीवाल्यांच्या शिव्या आणि संध्याकाळी खेळाडूंच्या. मधे दुपारी मामी असते, पण ती घरची गोष्ट. कुस्ती आणि फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या मुलखात बास्केटबॉलचा पंच होणं म्हणजे मटणाच्या खानावळीत बसून साबुदाण्याची खिचडी मागणं. लोक आधी हसतात, मग कीव करतात, मग विचारतात, "पण का?" मलाही लहानपणापासून तोच प्रश्न पडलाय. ज्या कामात एक बाजू हमखास चिडणार आणि दुसरी बाजू कधीच आभार मानणार नाही, ते काम माणूस हौसेनं, बूट पुसून, भांग पाडून का करायला जातो?

मामा पंच आहे तो फक्त मैदानावर, असं समजू नका. लग्नाच्या पंगतीत वाढपी भाताचं पातेलं घेऊन दोन पानं ओलांडून पुढं गेला की मामाच्या दोन्ही मुठी छातीपुढं गरागरा फिरायला लागतात. म्हणजे बॉल न आपटता चाललास, ट्रॅव्हल. वाढप्याला काय कळतंय! तो बिचारा समजतो पावण्याला अजून भात पाहिजे, आणि पान भरून टाकतो. मामा तो सगळा भात खातो, कारण एकदा दिलेला निर्णय फिरवायचा नाही. घरात मामी भांडायला लागली की मामा तिच्यापासून दोन पावलं मागं सरतो आणि हात पाठीमागं बांधतो. मामी म्हणते, "अवो, मी काय खेळाडू हाय व्हय?" मामा म्हणतो, "खेळाडू बरं. चाळीस मिन्टांत आटपत्यात."

ती दोन पावलं आणि ते पाठीमागचे हात, यात मामाची सगळी विद्या आहे. खेळाडू अंगावर आला की तो मागं सरतो आणि पाठीमागं बोटं मोजतो, एक, दोन, तीन. तिनापर्यंत काय बोलाल ते माफ. तिनाच्या पुढं गेलं की दोन्ही हातांचा टी, टेक्निकल फाऊल, विषय संपला. एकदा मलकापूरच्या संघातला एक दांडगा गडी असा काही सुटला की त्यानं मामाच्या खानदानातली माझ्या आजीपर्यंतची माणसं बाहेर काढली. मामाचं पाठीमागं एक झालं, दोन झालं, आणि दम खायला तो गडी थांबला. मामा म्हणाला, "झालं? जा, फ्री थ्रो मार जा." तो गडी इतका गोंधळला की दोन्ही फ्री थ्रो हुकला. पुढच्या आठवड्यात घरी फणस घेऊन आला. मामीला वाटलं मामानं फाऊल सोडायला घेतला, तिनं फणस दोन दिवस अंगणातच ठेवला.

मामाचं म्हणणं असं की माणूस पंचाशी कसा वागतो ते बघितलं की पुढं त्याची कुंडली मांडायची गरज नाही. शिट्टी वाजल्यावर घर जळाल्यासारखा डोकं धरून खाली बसतो, तो मनानं चांगला. दोन्ही तळवे पसरून "मी? मी?" करत फिरतो, त्यानंच केलेलं असतं. हळूहळू टाळ्या वाजवतो, तो उद्या पुढारी होणार. पाठ फिरवून बोलतो, त्याच्या मानेकडं बघायचं, मान सगळं सांगते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे "सर, सर" करत खांद्यावर हात टाकणारा. "गोड बोलून अंगाला हात लावला की डोळा ठिवायचा त्याच्यावर. म्होरच्या मिन्टाला कोपर घालतोय बघ."

"आणि मी मामा?" मी एकदा विचारलं.

"तुजी तऱ्हाच येगळी. तू शिवी देत न्हाईस. तू माज्याच म्होरं मलाच करून दावतोस."

ते खरं होतं. मला नकला येतात. शाळेत असताना मुख्याध्यापकांच्या आवाजात मी एकदा सुट्टी जाहीर केली होती आणि अर्धी शाळा घरी गेली होती. पण माझी गाजलेली नक्कल मामाची. ती बदकासारखी उलटी धाव, फॅटचं यंत्र बघताना बारीक होतात तसे बारीक डोळे, आणि शिट्टी. बाकीचे पंच आता नवीन शिट्ट्या वापरतात, त्या नुसत्या किंचाळतात. मामाची जुनी, पितळेची, आत गोटी असलेली. तिचा आवाज आधी सरळ जातो आणि शेवटाला फुर्रकन फुटतो. दोन बोटं जिभेखाली घालून मी तो आवाज असा काढायचो की गल्लीतली पोरं खेळता खेळता उभी राहायची.

एक गोष्ट मात्र मला कधी उमगली नव्हती. "मामा, एवढं लोक बोलतात ते तुला ऐकू येतं का?" असं मी मोटरसायकलवर त्याच्या मागं बसून विचारलं होतं.

"येतंय की. भैरा हाय व्हय मी?"

"मग सगळ्यांना फाऊल का देत नाहीस?"

"गर्दीतनं आवाज आला तर देत न्हाय. त्वांड हाललेलं दिसलं पायजे. ऐकल्यालं येगळं, बघितल्यालं येगळं." दूध संस्थेतही त्याचा हाच कायदा. अमक्यानं पाणी घातलंय असं कानात कुणी कितीही सांगू दे, मामा म्हणणार, "यंत्रात दिसू दे."

आणि त्याचा दुसरा एक हट्ट होता. पूर्वी म्हणे फाऊल झाला की करणारा खेळाडू स्वतः हात वर करायचा, म्हणजे टेबलावरच्या लिहिणाऱ्याला कळायचं. आता कुणी करत नाही, नियमातही राहिलं नाही. पण रविवारी सकाळी मामा शाळेच्या मैदानावर बारक्या पोरांना खेळवतो, तिथं हा नियम अजून चालू. शिट्टी वाजली की मामा बोट दाखवत नाही, नुसता उभा राहतो. पोरं एकमेकांकडं बघतात, आणि मग एक हात हळूच वर जातो. मी बघितलंय, कधीकधी तीन तीन हात वर जातात. मामा त्या वेळी असा खूश होतो जसं काय म्हशीला दहा फॅट लागलंय.

तर गेल्या वर्षी कोल्हापुरात पगारी लीग सुरू झाली. संघांना मालक, खेळाडूंना मानधन, पाठीवर नावं. मी एका संघात लागलो, सात नंबर. आणि मामा पंच म्हणून लागला. त्या लीगमधल्या चांगल्या पंचांची नावं राज्याच्या यादीत जाणार होती आणि त्यासाठी एक निरीक्षक येऊन टेबलाशेजारी बसायचा. यादीत नाव घ्यायला वय पन्नाशीच्या आत असण्याची अट. मामाला एकोणपन्नास पूर्ण. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. मामानं बाहेर कुणाला काही सांगितलं नाही, पण पहाटे दुधाच्या रिकाम्या किटल्या दोन हातांत घेऊन तो पळायला लागला आणि मामीनं त्याच्या पंचाच्या शर्टाला इस्त्री करताना पहिल्यांदाच कुरकुर केली नाही. मला म्हणाली, "एकदा मुंबईला जाऊन शिट्टी वाजवू दे बाबा त्याला. मग बसंल गप."

उपांत्य सामना. समोर सांगलीचा संघ. भाच्याच्या सामन्यात मामा पंच कसा, असं मामानं स्वतःच विचारलं होतं, पण ऐन वेळी दुसरा पंच तापानं पडला आणि दोन्ही संघ म्हणाले, "ह्यो मामा भाच्याला काय सोडत न्हाय, चालतंय." आणि नाहीच सोडलं. तिसऱ्या डावातच माझा पाचवा फाऊल लागला आणि मी बाहेर. बेंचवर फुरंगटून बसलो आणि शेजारच्या राखीव पोरांना हसवायला मामाची नक्कल सुरू केली. डोळे, मुंडी, बोटं मोजणं. पोरं टॉवेलमध्ये तोंड घालून हसत होती.

शेवटची आठ सेकंदं. आम्ही एका गुणानं पुढं. सांगलीचा उंच पोरगा बॉल घेऊन एकटाच बास्केटखाली पोचला. आणि शिट्टी वाजली. सरळ जाऊन शेवटाला फुर्रकन फुटलेली.

ती माझी होती. टॉवेलच्या आडून. जीभ आपोआप गेली की मी नेली, हे मला आजही शपथेवर सांगता येणार नाही.

सगळे थांबले. त्या उंच पोरानं बॉल हातातनं सोडून दिला आणि वळून मामाकडं बघितलं. टेबलवाल्यानं घड्याळ थांबवलं. जोडीदार पंच पळत आला, "सर, तुमची?" मामाच्या तोंडात शिट्टी होती, पण गाल फुगलेले नव्हते. तो आमच्या बेंचकडं वळला. त्याला कळलं होतं. असं कसं कळणार नाही? तो चालत आला आणि रविवारी पोरांपुढं उभा राहतो तसा उभा राहिला.

"कोण वाजवली?"

बेंचवरची पोरं बुटाच्या नाड्या बघत होती. आमचा कोच वर छताकडं. मी टॉवेलकडं. बेंचवरनं शिट्टी म्हणजे टेक्निकल, त्यांना एक फ्री थ्रो आणि परत बॉल, म्हणजे सामना गेला. आणि माझं लीगमधलं नावही गेलं. मामानं तीनदा विचारलं. तीनच वेळा. मग तो टेबलाकडं वळला, निरीक्षकाच्या पुढं, आणि त्यानं स्वतःचा उजवा हात सरळ वर केला.

"माझी. चुकून वाजली."

पंचाची शिट्टी चुकून वाजली तर ज्यांच्याकडं बॉल होता त्यांनाच तो बाजूनं द्यायचा, असा नियम आहे. दिला. त्यांचा नेम चुकला. आम्ही जिंकलो. मग सांगलीच्या संघानं मामाला गराडा घातला. काय काय बोलले ते लिहीत नाही. एक मात्र रडत होता, तो उंच पोरगा. तो नुसता म्हणत होता, "सर, मी टाकला असता की वो. टाकला असता की." मामाचे हात पाठीमागं होते, पण मी नीट बघितलं, तो बोटं मोजत नव्हता. निरीक्षक मान खाली घालून लिहीत होता.

महिन्याभरानं यादी आली. मामाचं नाव नव्हतं. मामीनं पंचाचा शर्ट घडी करून ट्रंकेत ठेवला. मामी काही बोलली नाही, हेच मला सोसेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध संस्थेत गेलो. किटल्या घेऊन पंधरा-वीस लोकांची रांग. एक आजोबा भांडत होते, "माज्या म्हशीनं काय खाल्लंय ते तुला काय म्हाईत?" मी रांगेत शेवटाला उभा राहिलो, रिकाम्या हातानं. आणि उजवा हात वर केला. लोकांना वाटलं काहीतरी विचारायचं असेल. मामा यंत्रावर वाकलेला. त्याचं लक्ष जाईपर्यंत माझा हात दुखायला लागला होता.

मग त्यानं वर बघितलं. बारीक डोळ्यांनी, फॅट बघतात तसं. हातातली बाटली खाली ठेवली. समोर टेबल नाही, लिहिणारा नाही, पण त्यानं बोटांनी सात दाखवले, एका हाताची पाच, दुसऱ्याची दोन. मग दोन्ही हातांचा टी केला.

"आता बघितलं," म्हणाला. "व्हा म्होरं आजोबा, तुमचं फॅट सहा-दोन."

"तू तेव्हाच मला का दिला नाहीस?" मी रांग संपल्यावर विचारलं.

"दिसलं न्हवतं. टावेल हुता."

"मग हात का वर केलास?"

तो बाटल्या धूत होता. "कुनाचा तरी वर व्हायला पायजे हुता की. खेळ म्होरं कसा जाणार?"

मी लीगच्या लोकांना सगळं सांगून आलो. त्यांनी मला उरलेल्या हंगामासाठी बाहेर काढलं, ते बरोबरच होतं. सांगलीला त्या उंच पोराच्या घरीही जाऊन आलो, त्यानं चहा दिला आणि आत निघून गेला. यादी काही बदलली नाही, आणि दिवाळीत मामाला पन्नास पूर्ण झाली. आता तो फक्त रविवारची पोरं खेळवतो.

मी अजून नकला करतो. परवा चुलतबहिणीच्या लग्नात पाहुण्यांनी धरून बसवलं. मामाची उलटी धाव केली, पाठीमागची बोटं केली, मामी तोंडाला पदर लावून हसली. मग सगळे ओरडायला लागले, "शिट्टी, शिट्टी!" मी दोन बोटं तोंडात घातली. जीभ कोरडी. आवाजच येईना. नुसती हवा.

तेवढ्यात पंगतीच्या टोकावरनं, भाताचा ढीग पुढ्यात घेऊन बसलेला मामा म्हणाला, "वाजीव की रं. हितं आता कोन खेळतंय?"