बांधणीपुरता मैदा

आम्ही भोर सोडलं त्या सकाळी माझी बायको नसरीन बेकरीचा टेम्पो धूत होती. आधी पाण्यानं, मग साबणानं, मग परत पाण्यानं. त्या टेम्पोतून रोज पाव आणि टोस्ट जायचे, त्याच्या फटीफटीत मैदा बसलेला, आणि आमच्या गाद्या-भांडी त्यातूनच न्यायची होती. अब्बा दुकानाच्या पायरीवर उभे राहून बघत होते. शेवटी म्हणाले, "मयत न्हेल्यावर गाडी अशी धुत्यात, सूनबाई." नसरीननं मान वर केली नाही. मी एका काखेत टेबलफॅन आणि दुसऱ्या काखेत मिक्सर धरून उभा होतो. बापाचा निरोप घ्यायला हातसुद्धा मोकळा नव्हता.

सौदीला, दुबईला गेलेल्या माझ्या भावांनो, तुमच्या निरोपाला अर्धा मोहल्ला एसटी स्टँडवर येतो, हार पडतात, बायका डोळे पुसतात. माझं स्थलांतर भोर ते कापूरहोळ. थर्मासमधला चहा निवायच्या आत माणूस पोचतो. पासपोर्ट लागला नाही, व्हिसा लागला नाही, लागली ती फक्त रक्ताची तपासणी. लोक भाकरीच्या मागे देश सोडतात. मी पाव मागे लागला म्हणून तालुक्याचं गाव सोडलं.

बेकरी खाली, घर वर. त्या घरात मी जन्मापासून काडीपैलवान. "बेकरीवाल्याचं पोरगं आन् अंगावर मूठभर मांस न्हाई," असं गिऱ्हाईक म्हणालं की अब्बांना लागायचं, आणि ते माझ्या हातात आणखी एक पाव ठेवायचे. पोट कायम बिघडलेलं, रक्त कायम कमी, जिना चढलो तर धाप. चाळिशी उलटल्यावर पुण्याच्या एका डॉक्टरांनी रक्त तपासलं, मग तोंडातून नळी घालून आतड्याचा तुकडा काढला आणि दुखण्याचं नाव सांगितलं: सिलियाक. गव्हातलं ग्लुटेन पोटात गेलं की आतडं आतून झिजतं. त्यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. गहू, मैदा, रवा, शेवया जन्मभर बंद. मग त्यांनी विचारलं, "आपण काय करता?" मी म्हणालो, "बेकरी." डॉक्टर सभ्य होते, हसले नाहीत. नसरीन हसली, आणि मग दवाखान्याच्या जिन्यात बसून रडली.

पथ्य सुरू झालं. पथ्य चाललंय की नाही हे बघायला टीटीजी नावाची रक्ततपासणी असते. नीट पाळलं तर तो आकडा महिन्यामहिन्यांनी उतरत जातो, नाही पाळलं तर अडून बसतो. म्हणजे रक्तच चुगली करतं. मी सहा महिने भात, नाचणीची भाकरी आणि अल्लाचं नाव यांवर काढले. आकडा जेमतेम हलला. डॉक्टर म्हणाले, "अहो, तुम्ही खात नसाल, पण पीठ हवेत उडतं. नाकातोंडातून पोटात जातंच. तिथं राहून हे बरं व्हायचं नाही."

तोवर भोरात वेगळीच बातमी पिकली होती. बेकरीवाल्याचा मुलगाच घरचा पाव खात नाही, मग मालात घालतात तरी काय? लोक अब्बांना तोंडावर विचारायला लागले. अब्बांनी मला भट्टीपाशी बोलावलं.

"आमच्या खानदानात पाव कुणाला बाधला न्हाई. तुझ्याच आतड्याला कसली सायबी आली? जा बाबा. तू गल्ल्यावर बसलास की माझा माल बाटतोय."

मला मैद्याचा विटाळ आणि मैद्याला माझा. अम्मी असती तर मध्ये पडली असती, पण ती तीन-चार वर्षांपूर्वीच गेली होती. धाकटा भाऊ सौदीत. आम्ही निघालो आणि त्या घरात अब्बा उरले, भट्टीबरोबर.

कापूरहोळला मी गाड्यांच्या ऑईलचं दुकान टाकलं, मागे दोन खोल्या. दुकानाच्या दोन्ही अंगांना ढाबे. मैद्यापासून पळालेला माणूस तंदुरी रोटीच्या शेजारी जाऊन राहिला, इतकी माझी अक्कल. पण नसरीनच्या स्वयंपाकघरात गव्हाचा दाणा नव्हता. तिनं हिंगाची डबीसुद्धा फेकली, कारण बांधीव हिंगात मैदा असतो. बेकरीत जन्म काढून मला हे माहीत नव्हतं. आकडा उतरायला लागला. पँटला पट्टा लागेना. ईदला भोरला जायचो तेव्हा सगळे शीरखुर्मा ओरपायचे आणि मी कोपऱ्यात घरून नेलेला खजूर चघळायचो. "कुर्बानीच्या बकऱ्याला आधी खाऊपिऊ घालत्यात," चुलते म्हणायचे, "ह्याला तर उपाशीच ठेवलंय." घरी परतलो की नसरीन दारातच कपडे बदलायला लावायची.

मग एक दिवस बेकरीच्या टेम्पोतून डबा आला. आत नाचणीची नानकटाई. अब्बांनी वेल्ह्याकडची नाचणी मागवली होती. गिरणीत आधी तांदूळ दळून घेतला, मग त्यावर नाचणी दळली, म्हणजे गव्हाचं पीठ लागायला नको. ट्रे वेगळे घासले. हे सगळं टेम्पोवाल्यानं सांगितलं, अब्बांनी निरोप एवढाच धाडला होता, "खा म्हणावं." दुकानातून मला बाटगा म्हणून काढणाऱ्या माणसानं हे केलं होतं. मी ऑईलच्या डब्यावर बसून पहिली नानकटाई खाल्ली आणि गिऱ्हाईक उभं असताना डोळे पुसले. मग दर आठवड्याला डबा यायला लागला. खुसखुशीत, गोल, एकसारखी. चहाबरोबर दोन, कधी चार.

पुढच्या तपासणीला आकडा परत चढला. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. "कुठं चोरून खाता?" नसरीननं घरी आल्यावर माझे खिसे हुंगले. "ढाब्यावर खाल्लंत ना? पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांगा." मी हात ठेवला. पोरगी कॉलेजात जाणारी, ती म्हणाली, "अब्बू, खाल्लं असेल तर आत्ताच सांगा, माझ्या डोक्याचं काही खरं नाही."

मी भोर गाठलं. अब्बा खारी भरत होते.

"अब्बा, नाचणीची नानकटाई इतकी घट्ट कशी बसते हो?"

ते खुश झाले. धंद्यातला प्रश्न होता. "नुसती नाचणी ट्रेवरनं उचलताच भुगा व्हती. म्या बांधणीपुरता मैदा घातला. मूठभर. तुटका माल आपल्या भट्टीतनं बाहेर पडत न्हाई."

मी आकडा सांगितला. ते मला वरपासून खालपर्यंत बघत राहिले, जणू तो आकडा माझ्या अंगावर कुठं दिसतोय का. "मंजे म्या माझ्या हातानं तुला इख चारलं म्हण की," ते म्हणाले, आणि खारी भरायला लागले.

पुढचा डबा आला त्यात नुसता भुगा होता. मैदा अजिबात नाही. ज्यानं आयुष्यात मोडका टोस्ट विकला नाही, त्यानं तो भुगा डब्यात भरून झाकणाला चिकटपट्टी लावली होती. मी चमचा घेतला. नसरीननं तो हातातून काढून घेतला. "भट्टी तीच, टेबल तेच, हवा तीच," ती म्हणाली आणि डबा ढाब्यामागच्या कोंबड्यांपुढे पालथा केला. संध्याकाळी अब्बांचा फोन. "कशी झाली?"

"लई भारी, अब्बा."

दर आठवड्याला डबा, दर आठवड्याला लई भारी. कोंबड्यांनी बाळसं धरलं. पुढे माझा रिपोर्ट नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, "छान. पण पथ्य सोडू नका, वर्षावर्षाला तपासत राहू." मी अब्बांना कळवलं आणि तिथंच फसलो. त्यांनी भोरभर सांगितलं, "दवाखान्यानं न्हाई, माझ्या नाचणीनं बरा केला पोराला." ज्या गल्ल्यावर मी बसू नये म्हणत होते, तिथं बसून ते येईल त्याला माझा आकडा सांगायचे. लोकही ऐकायचे. पावावरचा संशय फिटला. म्हातारा दहा वर्षांनी तरुण झाला, असं टेम्पोवाला म्हणाला. एवढ्या स्वस्तात बाप सुखी होत असेल तर कोंबड्यांना खाऊ देत, असं आम्ही दोघांनी ठरवलं.

मग एका दुपारी त्यांचा फोन आला. "भोंगवलीचा एक बाबा पुढ्यात बसलाय. त्याची पोरगी दुसरीत हाय, तुझंच दुखणं. वाळून काटकी झालीय. म्या डबा भरलाय. रोज किती चमचे द्यायचे ते सांग, तू अनुभवी."

नसरीन समोर तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले.

"अब्बा, देऊ नगा."

"का?"

"बेकरीतल्या हवेचा मैदा त्यात उतरतोच. पोरीला बाधंल."

"आरं, मंग तू कसा बरा झालास?"

दुकानापुढे कोणीतरी हॉर्न वाजवत होतं, ऑईल पाहिजे होतं. "म्या खाल्ली न्हाई, अब्बा."

"कवापासनं?"

"भुगा यायला लागला तवापासनं. कोंबड्यांना घातली."

फोन कानाला तसाच होता. पलीकडे अब्बा त्या माणसाला म्हणताना ऐकू आले, "न्हेऊ नका, पावनं. ऱ्हाऊ द्या. दागदर सांगंल तेच करा." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ते माझ्याशी बोलले.

"मंजे माझं न खाऊनच बरा झालास."

त्यानंतर डबा आला नाही.

तुम्ही परदेशातून विचारता, तुझं काय, तुला तर घर जवळ. जवळच आहे. महिन्यातून एकदा जातो, घरून पोटभर जेवून जातो. अब्बांनी माझ्यासाठी रस्त्याच्या पलीकडे, वडापावच्या गाडीपासूनही लांब, एक प्लास्टिकची खुर्ची ठरवून ठेवलीय. वारा फिरला की मला हातानं खूण करतात, खुर्ची सरकव म्हणून. मग दुकान सोडून माझ्याकडे येतात, येण्याआधी कोपरापर्यंत हात धुतात, सदरा झटकतात, आणि तरी हातभर लांबच उभे राहतात. आम्ही गाड्यांबद्दल, भावाच्या व्हिसाबद्दल बोलतो. माझा रिपोर्ट अजून नॉर्मल येतो. ते विचारत नाहीत, मीही सांगत नाही.

परवा एका नव्या गिऱ्हाइकानं विचारलं, "चाचा, तुमचा पोरगा ना हा? उन्हात का बसलाय, आत का न्हाई येत?"

अब्बांनी पाव कागदात बांधता बांधता सांगितलं, "त्याला आमच्या घरची हवा सोसत न्हाई."