‘हेल्पर’ लिही

“कोयत्यावरची बाई वर्कर कधीपास्नं झाली गं?”

साहेब अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असं बोलले. माझ्या कागदावरच्या ‘वर्कर’ शब्दाभोवती त्यांनी लाल पेनानं गोल केला होता. बाकीचे चौघं हसले. “बी. ए. इंग्लिश म्हणे! अर्थ सारखा वाटला म्हणून कुठलाही शब्द ठोकायचा नसतो, बाई. हेल्पर लिही.”

राहात्यात एका ऊसतोड कंत्राटदाराच्या ऑफिसात मी कॉम्प्युटरवर होते. विम्याचे कागद इंग्रजीत करायचे, हे माझं काम. त्या दिवशीचा कागद शेवगावकडच्या एका बाईचा होता. डोक्यावर उसाची मोळी घेऊन ती ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढत होती. फळी सरकली. कंबर मोडली.

आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. करार नवऱ्याच्या नावावर, सही नवऱ्याची. तो ऊस तोडतो. ती मोळ्या बांधते, वाहते, गाडी भरते. बाई मोजलेली असते, लिहिलेली नसते. हे मला पुस्तकातून कळलं नाही. पाथर्डी तालुक्यातल्या अशाच एका कोयत्याची मी पोरगी.

मला फरक कळत नव्हता? अहो साहेब, तुमच्यापेक्षा जास्त कळत होता. वर्करला विमा लागू, हेल्परला नाही. दोघीही राबणाऱ्याच. पण एकीला दवाखाना आणि दुसरीला अंगारा.

तरी मी हेल्पर टाईप केलं. हो, केलं. खोटं कशाला बोलू? नोकरी जाईल म्हणून पाचावर धारण बसली होती. साहेबांनी कागद पुन्हा वाचला. “हेल्पर म्हटलं तरी कामावर होती असा अर्थ निघतो. वाइफ लिही. खोटं आहे का त्यात काही?” परत हशा. मी तेही लिहिलं. वाइफ ऑफ, आणि पुढं नवऱ्याचं नाव. बाईचं नाव कागदावरून गेलं.

सहीसाठी बाहेर गेले. बाई टेम्पोत गोधडीवर पडली होती. नवरा टॉवेलानं वारा घालत होता. त्यानं पेन हातात घेतलं तेवढ्यात तिनं मान वळवली.

“ताई, माझं नाव हाय ना त्यात?”

मला तिच्याकडं बघवेना. शाळेत होते तेव्हा आई फडातून आली की विचारायची, “आज कोन्ता शबुद शिकलीस?” एकदा मी वर्कर सांगितला, अर्थ सांगितला. “म्हंजी मीच की!” म्हणून केवढी हसली होती. त्या आईच्या पोरीनं शब्द शिकून हे केलं. थू माझ्या शिक्षणावर.

“न्हाई मावशी. न्हाई नाव,” मी म्हणाले.

कागद घेतला, फाडला. आत जाऊन दुसरा टाईप केला. आधी तिचं नाव. पुढं वर्कर. फळी कशी सरकली, तेही. साहेबांपुढं ठेवला. “ह्याच्यावर सही करा. दुसरा शब्द मी लिहिणार नाही.”

साहेब ओरडले नाहीत. हसले. “पायऱ्या सांभाळून उतर. तुझाही विमा नाही.”

माझ्या खुर्चीवर त्याच दुपारी दुसरी मुलगी बसली. तिनं वाइफ लिहिलं. नवऱ्यानं सही केली. काय करणार होता बिचारा? उचल देणारा मुकादम शेजारीच उभा होता. माझा कागद मी पोस्टानं विमा कंपनीला पाठवला. उत्तर आलं: ही बाई कामगार असल्याची नोंद नाही. ती अजून उठून बसत नाही.

आता मी कोप्यांवर जाते, जिथं तोडीची माणसं उतरतात तिथं. वहीत फक्त बायकांची नावं लिहिते, पुढं वर्कर, खाली जिची तिची सही नाहीतर अंगठा. पहिलं नाव आईचं. कुणाला लागलं की अर्ज करते. एकही मंजूर झालेला नाही. होईल असं वाटतही नाही. बाया विचारतात तेव्हा मी तसंच सांगते.

पण अर्ज थांबणार नाहीत. नाकारायचं तर खुशाल नाकारा. आधी तिचं नाव वाचावं लागेल.