ओल्या खडूची अक्षरं

सुधाकर गेल्याचा फोन आला, तेव्हा माझ्या हातात कॉलनीचा फळा पुसायचा ओला फडका होता. सचिव म्हणून ते काम माझंच. निधनवार्ताही मलाच लिहायची होती… त्याच्याच फळ्यावर, त्याचंच नाव.

तसा फळा सगळ्यांचा. पण शाळेतून निवृत्त झाल्यापासून सुधाकरनं तो दिनविशेषासाठी बळकावला होता. आणि हा पठ्ठ्या लिहायचा काय, तर अमेरिकेचं! कुठल्या दिवशी कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांच्या खानावळीत बसून राहिले, कुठल्या दिवशी मोर्चा राजधानीत पोचला. खडू पाण्यात बुडवून लिहायचा. लिहिताना धड काही दिसायचं नाही. वाळलं की अक्षरं हळूहळू उजळायची. येणारे-जाणारे थांबून बघायचे.

"सिडकोत अमेरिकेचं काय काम रे?" मी एकदा चिडवलं.

"तिकडं बसमधून उठवायचे, आपल्याकडं पंगतीतनं," तो म्हणाला. "लहानपणी माझ्याच वर्गातला एक पोरगा व्हता. त्याला उठवलं अन् मी जेवत राहिलो."

त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

डिसेंबरच्या पहिल्या तारखेला त्यानं लिहिलं, 'आजच्या दिवशी शिवणकाम करणारी एक बाई बसमध्ये जागेवरून उठली नाही.' दुपारी बैठकीत ओरड झाली, नळाला पाणी कधी येणार ते लिहायला जागा नाही म्हणून. मला भांडण नको होतं. संध्याकाळी त्याच्याकडं जाऊन म्हणालो, "सोड बाबा आता तो फळा." तो भांडला असता तर बरं झालं असतं. "बरं," म्हणाला, आणि खडूंचा डबा माझ्या हातात दिला. मी लगेच फळा पुसला. त्यानंतर तो फळ्यासमोरून गेलेला मी पाहिला नाही. त्याची ओळ पुसल्याची मला आजही लाज वाटते.

दोन महिने मी त्या जागी पाण्याच्या वेळा लिहिल्या. जुनं काही दिसलं नाही. तो गेला त्या दिवशी मात्र त्याच्याच डब्यातला खडू भिजवून त्याचं नाव लिहिलं, आणि ते वाळताना बघत उभा राहिलो. नावाखालून दुसरी अक्षरं वर येत होती… त्याच्याच वळणाची. पुसलं. परत पुसलं. ओला असेतो फळा काळाकुट्ट. वाळला की पुन्हा, 'उठली नाही.'

कॉलनीवाले म्हणतात, रंग देऊन टाका. मी भर बैठकीत नाही म्हणालो. पाण्याच्या वेळा आता खालच्या कोपऱ्यात, त्याची ओळ सोडून लिहितो. सगळ्या मावतात.