लाथ आणि नमस्कार

संस्थान विलीन झालं आणि आमच्या कचेरीतली निम्मी माणसं फाजील ठरली. त्यांत मी एक. वय तिशीपुढचं, घरात बायको आणि वडील, आणि अंगात न मावणारा राग. मध्यभारत सरकारला नको झालो म्हणून परदेशीपुऱ्यातल्या एका कापडगिरणीत हजेरीबाबू म्हणून लागलो. उशिरा आलेल्या मजुराला फाटकावरून परत पाठवायचं, हे माझं काम. तोंडावर सगळे मला बाबूजी म्हणत आणि पाठ वळली की जे म्हणत तेही मला ऐकू येई. खरं सांगतो, त्या दिवसांत मला कुणाला तरी बदडायचं होतं. कुणाला, एवढंच ठरत नव्हतं.

गिरणीमागच्या मोकळ्या जागेत विणाई खात्यातले लोक संध्याकाळी कबड्डी खेळत. एकदा बघत उभा राहिलो. चौघांनी एकाला उचलून आपटलं, त्याचं कोपर सोलून निघालं. तो हसत उठला आणि पुढच्याच चढाईत आपटणाऱ्याच्या छातीत लाथ घालून परत आला. कुणी पोलीस बोलावला नाही, कुणी अर्जही केला नाही. मला ती जागा फारच पसंत पडली. लहानपणी मी कसलाच खेळ खेळलो नव्हतो, वडिलांना ते चालत नसे. तरी कोट काढून बाभळीला अडकवला आणि मला घ्या म्हणालो.

त्यांचा म्होरक्या म्हणजे विणाईतला जॉबर, मागांवरच्या माणसांचा मुकादम. बैलासारखी मान. मी त्यालाही एकदा फाटकावरून परत पाठवलं होतं. "आओ ना बाबूजी," तो इतक्या गोड आवाजात म्हणाला की मी तिथूनच पळायला हवं होतं. पहिल्या संध्याकाळी त्यांनी माझा भुगा केला. नाक फुटलं, दातांत माती गेली, पाठीवर कुणाचा तरी गुडघा रुतून बसला. "दम लो बाबूजी, अभी तो शिफ्ट शुरू हुई है," वरून आवाज आला. घरी बायको किंचाळलीच, "अहो, मारपीट केलीत का कुणाशी? या उमर में हा काय पागलपणा!" पण कितीतरी महिन्यांनी मला गाढ झोप लागली.

मार खाणं लवकर जमलं, मारणं मात्र जमेना. त्याला कारण घरचं वळण. आमच्याकडे कुणाला पाय लागला की वाकून त्याला हात लावायचा आणि तोच हात आपल्या कपाळाला टेकवायचा. वडिलांनी हे इतकं भिनवलं होतं की झोपेत बायकोला पाय लागला तरी माझा हात उठे. आता चढाईत दम धरून आत शिरायचो, पाय फेकायचो, तो नेमका कुणाच्या मांडीवर बसायचा, आणि पळायचं सोडून मी वाकून त्या मांडीला नमस्कार करायचो. पहिल्यांदा सगळे हसून लोळले. दुसऱ्यांदा मी वाकलेला असतानाच सातही जण माझ्यावर कोसळले.

त्यातच आमच्या एका गड्याचा पाय मोडला आणि रविवारी हातोद गावात तिथल्या गड्यांशी सामना ठरलेला. "सातवाँ आदमी तुम हो," जॉबर वैतागून म्हणाला, "और तुम लात मार के माफी माँगते हो! इतवार को ऐसा किया तो मैदान पे वापस मत आना, पंडितजी." कचेरी गेली होती, मान गेला होता. त्या मातीत तेवढं "अब तेरी बारी" म्हणून मला कुणीतरी हाक मारत होतं, आणि ते मला सोडायचं नव्हतं.

जॉबरनं सुताची दोरी आणली आणि माझा उजवा हात मागे कमरेला करकचून बांधला. "अब मार." आठवडाभर मी तसाच खेळलो. हात टेकता येत नसल्यानं तोंडावर आपटायचो. ओठ फाटला. तो स्वतः पुढ्यात उभा राहून ओरडायचा, "और जोर से! गेट पे तो बहुत जोर था!" एकदा त्याच्या बरगडीत अशी लाथ बसली की तो दुमडलाच. श्वास परत आल्यावर म्हणाला, "शाबाश. फिर से." लाथ बसली की माझा हात दोरीला हिसका द्यायचा. शनिवारी हात हललाच नाही. मला फार आनंद झाला.

हातोदचे गडी शेतावरचे, एकेकाची छाती दाराएवढी. आमच्या एकाचा खांदा निखळला, दुसऱ्याला उचलून बाहेर न्यावं लागलं. शेवटी गुण बरोबरीत, चढाई शेवटची आणि आमच्याकडून उरलेला मी एकटा. आत शिरलो. कानात मुरकी घातलेल्या एका आडदांड गड्यानं माझा घोटा धरला आणि मला पालथं पाडलं. त्या झटापटीत त्याची टाच माझ्या भुवईवर बसली, डोळ्यात रक्त उतरलं. मी मोकळा पाय सगळा राग एकवटून त्याच्या तोंडावर मारला. टाचेखाली दात हलल्याचं मला स्पष्ट कळलं. पकड सुटली आणि मी सरपटत रेषेला बोटं लावली. हात कपाळाकडे गेला नाही. "भिया ने जिता दिया!" आमचे लोक माझ्या पाठीवर थापा मारत होते. बाबूजीचा भिया, म्हणजे त्यांचा भाऊ, झालो होतो.

एवढ्यात तो गडी माझ्याकडे चालत आला. लाल थुंकी टाकत. मी मुठी वळल्या, मला ते हवंच होतं. त्यानं माझ्या फुटलेल्या भुवईला हलकेच हात लावला, तो आपल्या कपाळाला टेकवला आणि म्हणाला, "पग लागी ग्यो, भिया. माफ करजो." आणि तोंड धुवायला विहिरीकडे वळला.

माझा उजवा हात तसाच लोंबत राहिला. मी त्याला उठ म्हणत होतो आणि तो उठत नव्हता. इतका मार खाल्ला होता, पण भीती मला तेव्हा वाटली. मी त्या गड्यामागे धावलो. सुजलेल्या त्याच्या जबड्याला मुद्दाम, ठरवून हात लावला. तो कळवळला. रक्तानं भरलेला तो हात मी कपाळाला टेकवला. मागून जॉबर ओरडला, "अब कर ले पंडित, जितना करना है! बस, लाइन के अंदर मत करना!"

घरी वडील ओसरीवर बसले होते. "कपाळाला काय लागलंय रे?"

"एकाला पाय लागला होता," मी म्हणालो.

"मग ठीक," ते म्हणाले.